टपातली ज्वारी

आमच्या घरी गाडी यायच्या आधी तिची कीर्ती येऊन पोहोचली होती. अकोल्याच्या एका हौशी डॉक्टरांनी मुंबईला जाऊन तिचा टप कापून घेतला होता आणि त्यात काचेचं सनरूफ बसवलं होतं. दहा-बारा वर्षं मिरवून झाल्यावर त्यांचा जीव नव्या गाडीवर गेला, आणि ही मरून रंगाची, जरा गुडघे दुखत असल्यासारखी चालणारी गाडी बाबांच्या नशिबी आली. सनरूफ हा शब्द जानेफळात कुणाच्या तोंडी बसला नाही. लोक त्याला 'वरची खिडकी' म्हणत. हल्ली माझ्या मुलाच्या गाडीचं छत नुसतं 'उघड' म्हटलं की उघडतं, आणि घरातली माणसं कधी माझं इतकं ऐकतील असा विचार माझ्या मनात येतो. आमची वरची खिडकी हँडल फिरवून उघडावी लागे, आणि ते हँडल फिरवायचा मान बाबा सहसा कुणाला देत नसत.

बाबा गावच्या हायस्कूलचे हेडमास्तर. शेती काका पाहायचे, आणि बाबा अख्ख्या गावाला पाहायचे. कुणाच्या पोरानं कुठं शिकावं, कुणी कुठल्या डॉक्टरकडे जावं, कुठला गवंडी चांगला, हे सगळं आमच्या ओसरीवर ठरायचं. बाबांनी 'माणूस चांगला आहे' म्हटलं की तो चांगला. त्यांची बोलण्याची एक गंमत होती. घरात ते आमच्यासारखेच बोलत, पण राग आला की शाळेतलं पुस्तकी मराठी सुरू होई. 'मंदे, इकडं ये वं' म्हटलं तर धोका नसे. 'मंदाकिनी, इकडे ये' म्हटलं की मी आईमागं सरके.

सकाळी आमच्या घरात आवाज ठरलेले असत. आधी आईच्या भाकरीची थाप, मग गिरणीची टुकटुक, आणि उन्हं परसातल्या भिंतीवर आली की भिंतीपलीकडून रामेश्वरच्या हातोडीचा ठोका. रामेश्वर बाबांचाच विद्यार्थी. बीजगणितात त्याचा आनंदीआनंद होता, पण शाळेचा बंद पडलेला पंप त्यानं नववीत असताना दुरुस्त केला होता. दहावीनंतर बाबांनीच त्याला मेहकरला एका गॅरेजात शिकायला धाडलं. परत आल्यावर आमच्या परसामागे रस्त्याला लागून त्याचं दुकान निघालं, त्याचा नारळ बाबांनीच फोडला. 'गाडी रामेश्वरकडंच टाका, आपला पोरगा आहे' असं बाबा दिसेल त्याला सांगत. मोटारसायकली, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर, सगळं त्याच्या दारात येऊ लागलं. माझ्यापेक्षा तो दहा-अकरा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला रामेश्वरभाऊ म्हणे. तोंडानं कमी बोलणारा माणूस. बोलायचं असेल ते हातातला पाना बोलायचा.

गाडी आली आणि गावातल्या लग्नांचं रूपच पालटलं. बाबा गाडी मागेल त्याला वरातीसाठी देत, स्वतः चालवत. नवरा-नवरी वरच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर उभे राहत, पुढं बँड वाजे, आणि आजूबाजूनं अक्षता उधळल्या जात. आमच्याकडं अक्षता म्हणजे तांदूळ कमी आणि ज्वारी जास्त, कुंकवाच्या पाण्यात रंगवून पाटीभर वाळत घातलेली. वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचं, शोभाताईचं लग्न झालं तेव्हा त्याच गाडीत मी करवली म्हणून मागच्या सीटवर, ज्वारीचं ताट मांडीवर घेऊन बसले होते. मी एकोणीस वर्षांची, मेहकरच्या कॉलेजात जाणारी, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. खालून आत्या ओरडली, "मंदे, चिमटी चिमटी काय टाकून राह्यली वं? घरचं लगीन हाये!" मला चेव आला. मी सीटवर उभी राहिले आणि ताईच्या खांद्यामागून हात बाहेर काढून अख्खं ताट पालथं केलं. जावयांच्या फेट्यावर, ताईच्या मुंडावळ्यांवर आणि उरलेलं सगळं खिडकीच्या चौकटीत.

वरात मारुतीच्या देवळापाशी उतरली. बाबा पाहुण्यांच्या गडबडीत, म्हणून खिडकी लावायचं काम माझ्याकडं आलं. हँडल फिरवलं तर काच कर्रकन अडकली. चौकटीला चारी बाजूंनी एक पन्हळ होती, ती लाल ज्वारीनं भरली होती. ती वेचून काढायला अर्धा तास लागला असता, आणि तिकडं पंगतीत जिलबी संपत आली असती. पन्हळीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत मला एकेक भोक दिसलं. भोक आहे म्हणजे केर जायलाच असणार, असं मी ठरवून टाकलं. बोटानं आणि मग केसातल्या पिनेनं मी सगळी ज्वारी त्या दोन भोकांत सारली. काच मऊसूत लागली. आपण किती हुशार आहोत असं वाटलं आणि मी जेवायला पळाले. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

पावसाळा त्या वर्षी उशिरा लागला. पहिल्या दोन-चार सरींतच गाडी आत ठिबकायला लागली. बाबांनी गाडी रामेश्वरभाऊकडं नेली. त्यानं काच उघडून, खाली वाकून, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "सर, रबर जुनं झालं हाये, पन पानी मले त्याच्यातून येतं असं वाटत नाई. टपाचं कापड उतरू द्या, आतून पाहू द्या."

त्या कापडाला बाबा जिवापाड जपत. आतल्या छताला डॉक्टरांनी साईच्या रंगाचं मखमली कापड लावून घेतलं होतं. बाबा दर रविवारी ते मऊ ब्रशनं झाडत आणि आम्हाला तिथं बोट लावू देत नसत. "कापडाले हात नाई लावाचा," बाबा म्हणाले. "रबर बदल." रामेश्वरभाऊनं अकोल्याहून नवं रबर मागवून बसवलं. गाडी गळतच राहिली. बाबा म्हणाले, "काच सिलिकॉननं पक्की करून टाक." त्यानं मान हलवली, पण सरांसमोर 'नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती. त्यानं काच चारी बाजूंनी चिकटवून टाकली. आता वरची खिडकी उघडेना, आणि थेंब काही थांबेनात. गाडीत एक आंबूस वास भरून राहिला. आई एकदा आत बसून लगेच उतरली. "आंबील केल्यावानी वास येऊन राह्यला," ती म्हणाली. सगळ्यांनी तो ओल्या कापडावर ढकलला.

मग शेगावची खेप झाली. ताईचे सासरे पहिल्यांदा आमच्याकडं मुक्कामाला आले होते, आणि त्यांना दर्शनाला नेणं भागच होतं. मानाचे म्हणून ते पुढं, बाबांच्या शेजारी; कडक इस्त्रीचं धोतर आणि पांढरी टोपी. मी आणि आई मागं. वाटेत चांगला पाऊस झाला आणि उघडला. कुठून एक थेंब आला नाही, तेव्हा बाबांचा चेहरा फुलला. शेगाव जवळ आलं, रस्त्यात गतिरोधक होता, बाबांनी ब्रेक दाबला, आणि वर कुठंतरी साचलेलं तांब्याभर पिवळट पाणी कापडाच्या कडेतून भसकन व्याह्यांच्या टोपीवर पडलं. व्याही भला माणूस. टोपी काढून झटकत म्हणाले, "मंदिराच्या आधीच अंघोळ झाली म्हना की." आईनं पदर तोंडाशी धरला. मला हसू आवरेना. बाबा मात्र पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. मी स्टँडवर कॉलेजच्या एसटीची वाट पाहत होते. समोरच्या हॉटेलात वीस-पंचवीस माणसं चहा घेत बसली होती, रामेश्वरभाऊही पेला घेऊन एका कडेला उभा होता. बाबा आले, आणि त्यांच्या तोंडून पहिलंच वाक्य शाळेच्या मराठीत निघालं तेव्हा मी एसटी विसरून तिकडं वळले. "रामेश्वरने मला नवे सांगून जुने रबर बसवले. मी त्याला घडवले, आणि तो माझ्याशी बेइमानी करतो, तर तुमच्याशी काय करत असेल?" रामेश्वरभाऊनं पेला खाली ठेवला. "सर, रबर नवं हाये," तो एकदाच म्हणाला. "वर तोंड करून बोलू नकोस," बाबा म्हणाले. त्यानं चहाचे पैसे ठेवले आणि तो दुकानाकडं वळला. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्यानं दुकानात पडलेलं जुनं रबर आणून समोर टाकलं असतं. पण समोर सर होते.

मग आमच्या सकाळच्या आवाजांतला एक गेला. मला ते आधी कळलंच नाही, आईला कळलं. भाकर उलथता उलथता ती म्हणाली, "काऊन वं मंदे, रामेश्वरचं ठोकनं आयकू नाई येऊन राह्यलं?" मी कॉलेजला जाता-येता पाहू लागले. दुकान उघडं असे, पण दारात एकही मोटारसायकल नसे. फवारणीचे पंप लोक दोन कोस लांब दुसऱ्या गावी नेऊ लागले होते. रामेश्वरभाऊ स्टुलावर बसून हत्यारं पुसत असे. पुसलेलीच पुन्हा पुसत असे.

त्याच आठवड्यात एका दुपारी आईनं मला गाडीतून तिची विसरलेली छत्री आणायला पाठवलं. आरशाजवळ छताच्या कापडाची कड जरा सुटली होती, आणि त्या फटीतून एक पांढुरका, बोटभर लांब कोंब काचेच्या उजेडाकडं वाकून बाहेर आला होता. शेतकऱ्याच्या घरच्या पोरीला ज्वारीचा कोंब ओळखायला पुस्तक लागत नाही. मी तो हलकेच ओढला. मुळाशी दाणा चिकटला होता. कुजून मऊ झालेला, पण लाल. कुंकवाचा लाल.

मला सगळं एकदम कळलं. जिलबी, पिन, दोन भोकं, सगळं. आणि मी काय केलं ते लिहायला आजही हात जड होतो. मी तो कोंब मुठीत दाबला, गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकला, वर पायानं शेण सारलं आणि छत्री आणून आईला दिली. बाबांची भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. घरात मी हुशार होते. बाबा चारचौघांत 'आमची मंदा' म्हणत. ते जाईल, याची मला भीती होती. रामेश्वरभाऊचं जे गेलं होतं ते मला दिसत होतं, तरी माझं जाईल याचीच धास्ती मोठी होती. असे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी दोनदा रस्ता बदलून स्टँडवर गेले.

पाचव्या दिवशी फटीतून दुसरा कोंब आला. मी तो उपटला, रुमालात बांधला आणि सरळ दुकानात गेले. रामेश्वरभाऊनं दाणा तळहातावर घेऊन उलटापालटा केला. मी ताटापासून पिनेपर्यंत सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं नखानं दाण्यावरचा लाल रंग खरवडून पाहिला. "पानी त्या खिडकीत येतेच मंदा," तो म्हणाला. "ते अडवाचं नसतं. चारी कोपऱ्यात नळ्या असतात, त्याच्यातून ते चाकापाशी उतरून जाते. वाट बुजली म्हनून ते आत सांडते. म्या म्हनूनच सरले म्हनलं होतं, कापड उतरू द्या."

"मी बाबांना सांगते," मी म्हणाले.

"नको सांगू."

"काऊन?"

"सर गावात तोंड कसं दाखवतीन?" त्यानं दाणा माझ्या रुमालात परत ठेवला. "माहं काय, होईल बराबर."

मला इतकं हलकं वाटलं की त्याची आजही लाज वाटते. ज्याचं नुकसान झालं त्यानंच गप्प बस म्हटलं, मग मी कोण बोलणारी? या हिशेबानं मी आणखी तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी, पुन्हा बाजाराच्याच दिवशी, मी कॉलेजमधून लवकर परतले तर दुकानासमोर टेम्पो उभा होता आणि हत्यारांच्या पेट्या त्यात चढत होत्या. टेम्पोवाला म्हणाला, "चिखलीले चालला ना तो. तिथं गॅरेजात लागला."

घरी बाबा जेवायला बसले होते. कळण्याची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. मी दारातच उभी राहून सांगून टाकलं, श्वास न घेता. आईचा हात परातीत थांबला. आता 'मंदाकिनी' ऐकू येणार म्हणून मी वाट पाहत होते. बाबांनी एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत हाये तुले?"

"आठ दिवस झाले."

त्यांनी हात धुतले. आई म्हणाली, "ताटात हाये तेवढं तं..." पण ते उठून गाडीकडं गेले होते. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी उतर म्हटलंही नाही.

त्यांनी गाडी दुकानापाशी नेली नाही. ती स्टँडवर, त्या हॉटेलासमोर, भर बाजारात उभी केली आणि कुणाकरवी रामेश्वरभाऊला निरोप धाडला. तो हात पुसत आला. बाबा म्हणाले, "रामेश्वर, कापड उतरव." तो चपापला. माझ्याकडं पाहून त्याला उमगलं. हळू आवाजात म्हणाला, "सर, मांगं परसात घेतो गाडी. इथं लोक हायेत."

"लोक हायेत म्हनूनच इथं."

त्यानं टेम्पोतून पेटी उतरवून आणली. पात्यानं सिलिकॉन कापलं, काच उचलून बाजूला ठेवली. मग कापडाच्या कडा एकेक करून सोडवल्या. एक बाजू लोंबायला लागली तशी बाबांनी पुढं होऊन ती दोन्ही हातांनी धरली आणि कापड पूर्ण उतरेपर्यंत धरून उभे राहिले. मखमलीवर आतून पिवळे-तपकिरी डाग पसरले होते. रामेश्वरभाऊनं सायकलच्या ब्रेकची तार नळीत घातली, मग हवेचा पंप लावून जोर दिला. पुढच्या चाकापाशी फसकन लाल-काळा लगदा पडला, त्यात वेडेवाकडे पांढरे कोंब. दुसऱ्या बाजूनंही तेच. मग त्यानं काच परत जागेवर बसवली आणि हॉटेलातली बादली घेऊन टपावर पाणी ओतलं. पाणी पन्हळीत शिरलं आणि चारी चाकांपाशी चार धारा लागल्या. आत एक थेंब नाही. बाबा खाली वाकून त्या धारांकडं पाहत राहिले.

"आयका," ते सरळ होऊन म्हणाले. एवढी माणसं समोर असूनही ते घरातल्यासारखंच बोलत होते. "याचं रबर नवंच होतं. हा मले पहिल्या दिवशी सांगत होता का कापड उतरू द्या, म्या आयकलं नाई. वरून याले बेइमान म्हनलं. ते खोटं होतं. वाट आमच्याच घरानं बुजवली."

'आमच्याच घरानं' या शब्दामागं मला लपता आलं असतं. मी बाबांच्या शेजारी जाऊन म्हणाले, "म्या बुजवली. ताईच्या लग्नात. ज्वारी म्या कोंबली त्याच्यात." कुणीतरी मागून म्हणालं, "मंग काय, औंदा हेडमास्तरची पेरनी टपावरच!" सगळे हसले. मीही रडता रडता हसले असावे. बाबा हसले नाहीत, रामेश्वरभाऊही नाही.

"आता सामान उतरव," बाबा त्याला म्हणाले. "झालं ते झालं. उद्यापासून लोक येतीन."

रामेश्वरभाऊनं तार गुंडाळून पेटीत ठेवली. "येतीन सर," तो म्हणाला. "तुमी म्हनलं तं येतीन. तेव्हा तुमी म्हनलं तं एका दिवसात बंद झाले. आठ वर्सं म्या या लोकायच्या गाड्या सुधरवल्या, पन एकानं बी असं नाई म्हनलं का नाई, याचं काम आमी पाह्यलं हाये. मले वाटत होतं ते माह्या हाताले पाहून येतात. ते तुमच्या तोंडाले पाहून येत होते." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "चिखलीले मले कोनी ओळखत नाई. तिथं बरं राहील."

तो पाया पडायला वाकला. बाबांनी त्याला मध्येच धरून उभं केलं. मग ते त्याच्याबरोबर दुकानापर्यंत चालत गेले. राहिलेला हवेचा कॉम्प्रेसर उचलायला दोन माणसं लागत. एक टोक रामेश्वरभाऊनं धरलं, दुसरं आमच्या हेडमास्तरांनी. टेम्पो वळून मेहकरच्या रस्त्याला लागेपर्यंत बाबा तिथं उभे होते.

मला ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतरही नाहीत. मी आठ दिवस गप्प राहिले याचं त्यांना वाईट वाटलं होतं की मी शेवटी बोलले याचं बरं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. पण ओसरीवरचा दरबार मात्र त्यानंतर मोडला. लोक सवयीनं येत, 'सर, अमका गवंडी कसा हाये?' विचारत. बाबा म्हणत, "त्यानं बांधलेली भिंत पाहून ये. मले नको इचारू." माणसं जरा नाराज होऊन जात. आईला वाटे बाबा म्हातारे झाले.

दोन वर्षांनी मला स्थळ सांगून आलं. बुलढाण्याचं घर, मुलगा सरकारी नोकरीत, सगळे म्हणत होते की असं स्थळ पुन्हा येणार नाही. काका बाबांना म्हणाले, "तुमी फक्त हो म्हना." मीही दाराआड उभी राहून बाबांच्या 'हो'चीच वाट पाहत होते, त्यांचा शब्द आला की माझी काळजी संपली असती. बाबांनी मला हाक मारली. "मंदे, तू जा. मुलाचं घर पाह्य, त्याच्याशी बोल, त्याच्या मायबापाशी बोल. मंग मले सांग." काका उठून उभेच राहिले. आमच्या गावातून मुलीनं मुलाचं घर पाहायला जायचं, हे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. मी आत्याला घेऊन एसटीनं बुलढाण्याला गेले, दिवसभर त्या घरात बसले, सगळ्यांशी बोलले, आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "नाही."

बाबा म्हणाले, "बरं. चाल, जेवून घे."